शेजारच्या कयाकमधला जिताडा

पहाटे खाडीत आम्हा दोघा मित्रांच्या छोट्या कयाक होड्या शेजारीशेजारी होत्या. वसंताने गळ लावलेली लाकडी मासोळी पाण्यावर फेकली आणि झटके देत नाचवत आणली. धप्पकन पाणी फुटलं, खालून माशाने झडप घातली. मी असतो तर तेव्हाच खेचलं असतं आणि नुसतीच लाकडी मासोळी अंगावर आली असती. हा मात्र थांबला. दोरीला ओढ लागल्यावरच त्याने गळाची काठी उचलली. केवढा मोठा जिताडा मासा!

माझा जळफळाट झाला. थांबता येणाऱ्या माणसांना नोकऱ्या मिळतात, माणसं मिळतात आणि वर जिताडाही मिळतो. एवढं करून त्याने तो हसत पाण्यात सोडून दिला!

मी चडफडत तिथेच माझी मासोळी फेकली. पाणी फुटलं.

"थांब रे!" वसंता ओरडला.

तोवर मी खेचलं होतं.