भिजल्या गाद्यांची जागा

कुणी नवा सोफा दाखवला की कमलमावशी आधी तोंडभरून कौतुक करायच्या आणि लगेच विचारायच्या, “पुरात भिजला तर टाकाल कुठं?” बायका वरवर हसायच्या, मागून बोटं मोडायच्या. चौक नावाच्या गावाजवळच्या त्या खेड्यात मी ग्रामसेवक होतो आणि मावशी पंचायतीच्या सफाई कामगार. माझ्या दप्तराच्या कपाटांबद्दलही त्यांनी पहिल्याच आठवड्यात हेच विचारलं. मला रागच आला.

“भाऊसाहेब, पान्याचं आपल्या हातात नाय. मागं राहतं त्याचं तरी ठरवून ठेवू,” हे त्यांचं पालुपद.

त्यामागचं कारण मला उशिरा कळलं. मी येण्याआधीच्या एका पुरानंतर भिजलेल्या गाद्या, कपाटं, भाताची पोती, सगळं नाल्यात लोटलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाऊस कोसळला, नाला तुंबला आणि पाणी बौद्धवाडीत शिरलं. मावशी तेव्हा बाजारातला चिखल काढत होत्या. त्यांच्या सासूबाई वाडीतल्या घरी अंथरुणाला खिळलेल्या. मावशी घरी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

शेवटी पुरात भिजलेलं सामान कुठं टाकायचं, हा विषय मी ग्रामसभेत घेतला. सरपंच सहज म्हणाले, “बौद्धवाडीमागं मोकळी जागा हाय की.”

मावशी उठल्या. आवाज जराही चढवला नाही. “गावाची घाण लय वर्सं आमच्या दारात पडली. आता क्रिकेटचं मैदान घ्या. उंचावर हाय, टेंपो आत जातो. गाद्या एका अंगाला, पत्रे दुसऱ्या, फवारणीचे डबे ताडपत्रीवर. आनि कुनाचे कागद सापडले तर आधी माज्याकडं.” त्या सकाळीच मैदानात चुन्याची फक्की टाकून जागा आखूनही आल्या होत्या. क्रिकेटवाले कुरकुरले, पण ठराव झाला.

दोन पावसाळ्यांनी पूर आला. मावशी शिट्टी घेऊन मैदानाच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. सगळा माल एकत्र भरून आला म्हणून सरपंचांचा टेंपोसुद्धा त्यांनी परत पाठवला. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा पाऊस धरला. मावशी नाल्याच्या मोरीवर जाऊन उभ्या राहिल्या, मीही मागोमाग गेलो. खालून पाणी भरभरून, पण मोकळं वाहत होतं. वाडी कोरडी होती.

“मावशी, जिंकलात,” मी म्हणालो.

त्या रडत होत्या. “तवाच्या त्या गाद्या मीच ढकलल्या नाल्यात. सायेब म्हनले टाक, मी टाकल्या.”

ते साहेब म्हणजे माझ्याच खुर्चीत माझ्याआधी बसलेला माणूस. मी त्यांच्या शेजारी नुसता भिजत उभा राहिलो.

यंदा माझी बदली झाली. नव्या ग्रामसेवकाला मी आधी मावशींच्या घरी नेलं, मग कार्यालयात.