लेकीच्या प्लॉटवरची वांगी

बाबांना प्लॉट माझ्या नावावर करायचा होता, अन् त्यापायी माझ्या डोक्याचा भुगा व्हायची वेळ आली होती.

कारंजा गावाबाहेरचा हा प्लॉट त्यांनी भाव वाढला की विकू म्हणून घेतलेला. पण बाबा जन्माचे भाजीवाले, रिकामी जागा त्यांना बघवत नाही. भाव वाढेपर्यंत म्हणून वांगी लावली, मग मेथी, मग सांबार म्हणजे कोथिंबीर, अन् विकायचं राहूनच गेलं. आई गेल्यावर म्हणाले, शेत पोराचं, प्लॉट पोरीचा. भाऊही हो म्हणाला. मला वाटलं, बक्षीसपत्रावर एक सही की झालं.

कशाचं काय. आधार कार्डावर माझं सासरचं आडनाव, जुन्या कागदांवर माहेरचं. ते जुळवलं तर लेआउटचा नकाशा सापडेना. नकाशा मिळाला तर रजिस्ट्री ऑफिसात लिंक नाही. लिंक आली त्या दिवशी साक्षीदार लग्नाला गेलेला. दर वेळी मी शाळेतून रजा काढायची, अन् तिथल्या बाबूनं मान वर न करता म्हणायचं, उद्या या.

एकदाचं सगळं जुळलं. सकाळी बाबांना न्यायला प्लॉटवर गेले, तर डोकंच फिरलं. सगळी वांगी तोडलेली, बोटाएवढी कवळीसुद्धा. मेथी मुळासकट उपटून पोत्यात भरत होते.

"बाबा, हे काय करून राह्यले?"

"दुपारी सही झाली का हे तुहं. लेकीचं खात नसते. मनून आजच काढलं सारं."

"अन् उद्यापासून?"

"बसीन घरी."

हा माणूस लेकीच्या घरचं पाणी पीत नाही. माझं घर त्यांच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. लग्न झाल्यापासून येतात ते स्वतःची बाटली घेऊन, अन् चहा ठेवला की उठून जातात. तो राग मी इतकी वर्षं गिळला. पण आई नाही, दुसरा काही नाद नाही, आता सकाळी उठून हे जाणार कुठं? अन् याच्यासाठी मी खेटे घालत होते.

"मले नाई पायजे तुमचा प्लॉट."

"कागद झाले ना सारे. आता कायले नाटक करतं?"

तरी त्यांना गाडीवर बसवून निघाले. ऑफिसच्या दारात मला सुचलं. म्हटलं, "जागा मी बटईनं देनार हाय. जो पिकवीन त्यानं अर्धी भाजी मले आनून द्याची. हाय का कोनी पाहन्यात?"

बाबांनी हाताला लागलेली माती झटकली. मग म्हणाले, "बियानं कोनाचं?"

"मालकिनीचं."

"मंग मीच पायतो."

बटईत मेहनतीचा वाटा असतो, ते लेकीचं खाणं नव्हे. सही झाली.

नवी मेथी निघाली तेव्हा माझा वाटा घेऊन दारात आले. ओट्यावर बसून सवयीनं बाटली काढली. मी चहा समोर ठेवला अन् म्हटलं, "बटईवाला वाटा घेऊन आला का मालकीन चहा पाजतेच. माय नव्हती पाजत आपल्या बटईवाल्याले?"

बाबांनी कपाकडं पाहिलं. बाटलीचं झाकण परत लावलं. माझ्या घरचा चहा ते पहिल्यांदा प्याले, सगळा प्याले.

"साकर कमी हाय," म्हणाले.

साखर आणते म्हणून मी आत गेले अन् रडले. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "अन् मालकीनबाई, कुंपन कवा करता?"