लाल दोऱ्याची पिपेट

बारा मार्च १९८६, बुधवार, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटे. चंद्रपूरच्या बसस्थानकावर गडचिरोलीची पहिली गाडी लागली आणि तिच्यातून माझी मामेबहीण उतरली नाही. उतरला तो कंडक्टर, तिचा निरोप घेऊन: तिला गालगुंड झाले आहे, तोंड उघडत नाही. नऊ वाजता माझी बी.एस्सी.च्या अंतिम वर्षाची रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा होती, आणि त्या परीक्षेत मला बहिणीचे तोंडच हवे होते.

पंधराव्या वर्षी मला महारोग झाला. औषधोपचार पूर्ण झाले, रोग गेला. जाताना मात्र तो उजव्या हाताचे बरेच काही घेऊन गेला. दोन बोटे वाकलेली आहेत आणि तर्जनीच्या टोकाला स्पर्श कळत नाही. डाव्या हाताने मी जवळजवळ सर्व कामे शिकले, एक सोडून. पिपेटीत, म्हणजे खूण असलेल्या काचेच्या मोजनळीत, द्रव तोंडाने ओढायचा, क्षणात वरचे टोक तर्जनीने बंद करायचे आणि बोट केसभर सैल करून द्रव खुणेपर्यंत उतरू द्यायचा, हे काम ज्या बोटाला स्पर्श आहे त्याचेच. डाव्या तर्जनीचेही टोक तितकेच बधिर आहे. म्हणून मी मदतनीस मागितला होता. विभागप्रमुखांनी तो मंजूर केला, दोन अटींवर: मदतनीस विज्ञान शिकलेला नसावा आणि परीक्षेपूर्वी हजर असावा. याआधी महाविद्यालयाने मला आणखी एक गोष्ट न मागता दिली होती. माझी पिपेट वेगळी ठेवली होती, ओळखीसाठी तिला लाल दोरा बांधून. तिलाही सवलतच म्हणत. एका सवलतीने मी इतरांच्या रांगेत येणार होते. दुसरीने इतर माझ्यापासून सुरक्षित राहणार होते.

त्या पहाटे, खास परीक्षेसाठी आरमोरीहून आलेल्या माझ्या आईने खोलीतल्या बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली, तेव्हा मी तिला म्हणाले होते की मेणबत्तीने कशाचीही शक्यता बदलत नाही. आई म्हणाली, "तुहा हिशेब तुले, माहा मले." त्रिशरण मी लहानपणापासून म्हणत आले. बुद्ध शिक्षक म्हणून मला मान्य होते, धम्म नियम म्हणून. तिसरे शरण, संघाचे, मी केवळ तीन ओळी पूर्ण व्हाव्यात म्हणून म्हणत असे. बसस्थानकावर मी माझा हिशेब पुन्हा केला. मदतनीस नाही तर पदवी नाही, पदवी नाही तर नागपूरला एम.एस्सी. नाही. कुठूनही सुरुवात केली तरी उत्तर शून्य येत होते.

महाविद्यालयाच्या फाटकाशी आईने दिसेल त्या मुलीला थांबवायला सुरुवात केली. मी शरमेने बाजूला उभी राहिले. कुणापुढे हात पसरणे मला कधीच जमले नव्हते, आणि हा हात तर नाहीच. पायरीवर एक मुलगी फडक्यातली भाकर खात बसली होती. आईने तिला विचारले, "बाई, तुले तोंडानं पानी ओढता येते का?"

ती म्हणाली, "कोनत्या विहिरीतलं?"

तिचे नाव मैनी. एटापल्लीकडच्या जंगलातल्या गावची, कला शाखेतून बारावी झालेली. दाखला न्यायला आली होती आणि कार्यालय अकराला उघडणार होते. आईने तिला सारे समजावले. उरलेले सांगणे माझे कर्तव्य होते. मी हात पुढे केला आणि म्हणाले की हा महारोगाने असा झाला आहे. आता माझ्यापासून कुणाला धोका नाही, पण जी पिपेट तुला तोंडात धरायची आहे, ती सराव करताना मी वर्षभर तोंडात धरली आहे. तिने हात निरखला.

"दुखते का?"

"नाही. काहीच कळत नाही, तीच अडचण आहे."

"मंग गरम-गिरम धरत नको जाऊ," ती म्हणाली. "ते मी धरीन."

मी धोक्याविषयी बोलले होते. तिनेही धोकाच ऐकला, पण माझा. इतक्या वर्षांत मला हे वाक्य कुणी म्हटले नव्हते. मी तिला नळाशी नेले.

साध्या पाण्यावर ती शिकली. पहिल्यांदा घोट सरळ पोटात गेला आणि ती इतकी हसली की आईही हसू लागली. मग तिने लाल दोरा सोडून टाकला. "ओठाले टोचते," म्हणाली. विभागप्रमुखांनी ही कोण, म्हणून विचारले. आई म्हणाली, "आमची हाय." मी खरे तेच सांगितले: ओळख आत्ताची आहे. ते म्हणाले की अट विज्ञान न शिकण्याची आहे, ओळखीची नाही.

प्रश्न पाण्यातले क्षार मोजण्याचा होता: पिपेटीने मोजून घेतलेल्या पाण्यात ब्युरेटच्या उभ्या नळीतून रंग पालटेपर्यंत थेंबथेंब द्रावण सोडायचे. मैनी ओढायची, मी खुणेवर नजर ठेवायची. सोड, म्हटले की ती बोट सैल करी; थांब, म्हटले की तिचा श्वासही थांबे. आजवर माझा प्रत्येक आकडा माझ्या एकटीचा होता. त्या सकाळी तो दुसऱ्या कुणाच्या ओठांतून आणि बोटातून माझ्यापर्यंत येत होता, आणि मला आश्चर्य याचे वाटले की भीती वाटत नव्हती. फ्लास्क थोडा तापवायचा होता. मी हात पुढे करण्याआधीच तिने पदर गुंडाळून तो उचलला. हे मंजूर मदतीत बसत नव्हते. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी पाहिले, माझ्या हाताकडे पाहिले आणि म्हणाल्या, "तेवढं चालेल."

दुपारचे प्रयोग आणि तोंडी परीक्षा संपवून पाचनंतर आम्ही बाहेर पडलो तेव्हा कार्यालय बंद झाले होते. दाखला उद्या भेटेल, असे मैनी सहज म्हणाली आणि आमच्याकडे मुक्कामाला आली. ती येणे हा चमत्कार होता का, हे मला ठाऊक नाही. ती दाखल्यासाठी त्या दिवशी येणारच होती. संघ म्हणजे भिक्षूंचा संघ, हेही मला ठाऊक आहे. तरी तिसरे शरण त्या दिवसापासून मी मनापासून म्हणते. शरण जाणे म्हणजे हरणे, असे मी समजत आले होते. जे आपल्या बोटाला कळत नाही, ते दुसऱ्याच्या बोटावर विश्वासाने सोपवणे, एवढाच त्याचा अर्थ मला आता लागतो.

संध्याकाळी आईने मूर्तीपुढे नवी मेणबत्ती ठेवली आणि या वेळी ती मला लावायला सांगितली. मी ती हातात धरली. काडी मैनीने ओढली, कारण गरम-गिरम ती धरणार असे ठरले होते. ज्योत स्थिर झाल्यावर आम्ही तिघी बसलो, आणि मला सकाळचे ते शेवटचे अनुमापन आठवले: लालसर द्रव एका थेंबात निळा झाला, तिने श्वास सोडला आणि मी ब्युरेट वाचून आकडा लिहिला. तिसरे वाचन, दुसऱ्याशी तंतोतंत जुळणारे: १३.४ मिलिलिटर.