रिकाम्या खोलीचा आवाज

आमचं रेडिओ केंद्र जुनवानीत एका किराणा दुकानाच्या वर दोन खोल्यांत आहे. एका खोलीत माइक, दुसरीत मी आणि कॉम्प्युटर. गाणी, जाहिराती, गप्पा सगळं आदल्या दिवशी रांगेत लावून ठेवायचं, मग सॉफ्टवेअर ते आपोआप वाजवत जातं. 'आपोआप' हा शब्द ज्याने काढला त्याला आमचं कॉम्प्युटर सांभाळायला द्यावं, असं मला रोज वाटतं.

रविवारी सकाळचा अर्धा तास मराठीचा, आणि तो बाबांचा होता. बाबा दुर्ग स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करायचे. सगळी नोकरी हिंदीत गेली. मराठी फक्त घरात, नागपूरकडून आणलेली, आणि आम्ही भावंडं तीही अर्ध्या वाक्यात सोडून हिंदीत उडी मारायचो. निवृत्तीनंतर हा अर्धा तास मिळाला तेव्हा ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. रेडिओवर शर्ट दिसत नाही, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "माइकले दिसते." सुरुवात ठरलेली: "काय करून राहिले सगळे?" आमच्या व्यवस्थापकांना ते गावंढळ वाटायचं. रेल्वे क्वार्टरांतल्या बायका मात्र हातातलं काम न सोडता रेडिओला उत्तर द्यायच्या, भाजी निवडून राहिली म्हणून.

दिवाळीनंतर खरखर सुरू झाली. आधी गाण्यांत, मग जाहिरातींत, मग सगळीकडे. कढईत ओली मोहरी पडल्यासारखा आवाज. व्यवस्थापक म्हणाले, महिनाअखेरपर्यंत नीट झालं नाही तर आधी मराठीचाच कार्यक्रम बंद करू, तक्रारी त्याच्याच जास्त आहेत. बाबांनी ते दारातून ऐकलं. घरी जाताना स्कूटरवर मागे बसून एवढंच म्हणाले, "तुह्या मशीनले सर्दी झाली वं बाई. तेवढं पाय."

आमच्या कामात एकच पद्धत आहे: एकेक काढत जायचं. एक गोष्ट काढायची, ऐकायचं, खरखर राहिली तर ती गोष्ट निर्दोष. आधी केबल काढली, सुपेल्याच्या बाजारातून नवी आणली. मग अर्थिंग तपासलं. मग अँटीव्हायरस बंद केला. साउंड कार्डचा ड्रायव्हर काढून परत टाकला. गाणी एका वेगावर नोंदलेली आणि साउंड कार्ड दुसऱ्या वेगावर लावलेलं, हेही सापडलं. ते जुळवलं तर खरखर निम्मी झाली. शेवटी बफर वाढवला, म्हणजे आवाज सोडण्याआधी कॉम्प्युटर जो थोडा साठा हाताशी धरतो, तो. गाणी काचेसारखी स्वच्छ झाली. मी खाली जाऊन स्वतःसाठी एक समोसा घेतला आणि उभ्याउभ्या खाल्ला. इतकी खूश होते.

रविवारी बाबांचा कार्यक्रम लागला आणि त्यात खरखर होती.

मला असा राग आला की कॉम्प्युटरला शिव्या घातल्या, त्याही हिंदीत, कारण त्या हिंदीतच बऱ्या जमतात. मग हेडफोन लावून बाबांची नोंद परत ऐकली. परत, परत. आणि एक गोष्ट लक्षात आली. खरखर शब्दांवर येत नव्हती. वाक्य संपलं, की येत होती. मशीन बिघडलं तर ते शब्दाच्या मधोमध खरखरतं, त्याला पूर्णविराम कुठला कळायला?

दुसऱ्या दिवशी मी बाबांना माइकसमोर बसवलं. रिकाम्या खोलीचा आवाज नोंदवायचाय, काही न बोलता बसा, असं सांगितलं. बोलणाऱ्याला जागेवर बसवून हे आम्ही नेहमीच करतो. खोलीची स्वतःची एक गुणगुण असते, तिचा नमुना सॉफ्टवेअरला दिला की ते तेवढीच वजा करून देतं. बाबा हात मांडीवर ठेवून, शर्टाची कॉलर नीट करून बसले. कोणी गप्प झालं की आमचं यंत्र बारीक आवाज वर उचलतं. हेडफोनमध्ये मोहरी तडतडायला लागली.

"बाबा, जरा बाहेर बसता का?"

"कावून? मी कुठं बोललो?"

ते बाहेर जाऊन बाकावर बसले. मी रिकामी खोली ऐकली. फक्त पंख्याची गुणगुण.

एकेक काढत गेले होते आणि शेवटी बाबांना काढलं होतं. मी हेडफोन कानावरून काढलेच नाहीत. काढले असते तर उठून त्यांना सांगावं लागलं असतं. तशीच बसून रडले. दाराच्या काचेतून ते माझ्याकडे बघत होते. आत येऊन म्हणाले, "सापडलं का?"

"बाबा, दवाखान्यात जाऊ."

"मले काय धाड भरली?" म्हणाले. पण जिना उतरताना मधल्या पायरीवर थांबले, आणि कधी नव्हे ते माझा खांदा धरला.

डॉक्टरांनी पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि मी हेडफोनमध्ये जे ऐकलं होतं तेच ऐकलं. फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत, म्हणाले. औषधाने वेग कमी होईल, आजार मागे फिरणार नाही. बाबांनी एकच प्रश्न विचारला, डॉक्टरांना नाही, मला, बाहेर आल्यावर.

"ते खरखर काढता येते का तुले? कार्यक्रमातून?"

येते, मी म्हटलं.

"मंग काढ. लोकायले कीव नाई आली पायजे."

सॉफ्टवेअरला नको तो आवाज कोणता, हे आधी ऐकवावं लागतं. माझ्याकडे तो नमुना होताच. दर रविवारी मी बाबांच्या आवाजातून बाबांचा श्वास वजा करत गेले. व्यवस्थापक खूश झाले, महिनाअखेरची गोष्ट विसरून गेले. एका काकूंनी फोन करून सांगितलं, आता मशीन सुधरली तुमची. बाबांना सांगितलं तेव्हा ते हसले, मग खोकले, मग परत हसले. "पाय, मशीन सुधरली." उन्हाळा लागायच्या आत ते गेले. शेवटचा कार्यक्रम ते गेल्यानंतर लागला, आणि त्यातही त्यांनी विचारलं होतं, काय करून राहिले सगळे.

आईने तो ऐकला नाही. तेराव्यानंतर ती एकदा माझ्याबरोबर केंद्रावर आली. मी तिला बाबांचे कार्यक्रम लावून दिले, एकामागून एक, स्वच्छ केलेले. तिने ऐकले, पदर हातात धरून, पण चेहऱ्यावर काही हललं नाही. "चांगलं बोलले," म्हणाली, शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं.

मग काय सुचलं कोण जाणे, मी तो नमुना लावला. एक शब्द नसलेला. बाबा माइकसमोर गप्प बसलेले, तेवढाच.

आईने हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरले. डोळे मिटले. मी आवाज वाढवायला हात पुढे केला तर तिने माझं मनगट धरलं.

"हळू," ती म्हणाली. "झोपून राहिले ते."