एक्सप्रेस सरांचं थांबणं

तास संपल्याची घंटा एक्सप्रेस सरांना कधीच ऐकू आली नाही. पुढच्या तासाच्या बाई दारात येऊन उभ्या राहत, मग सर खडू हातात घेऊन बोलत बोलत जिना उतरत, आणि वाक्य कधीतरी पुरं होईल या आशेने आम्ही पाच-सहा जण पार्किंगपर्यंत मागोमाग जायचो. बोलताना कुठेच थांबत नाहीत म्हणून 'एक्सप्रेस' हे नाव आम्हीच ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं आणि आवडायचंही.

सर आमच्याच गावच्या भवानी पेठेतले, घरी तेलुगू. वडील यंत्रमागाच्या कारखान्यात चादरी तपासत. घडी उलगडायच्या आधी ते काठ बघत, कारण दोष बहुतेक काठातच निघे. सरांचं सगळं संगणकशास्त्र या काठावर उभं होतं. शेवटच्या वर्षाला प्रकल्प म्हणून मी मराठी वाक्यांची फोड करणारा प्रोग्रॅम घेतला होता. दोन शब्द एकमेकांशी जुळतात का, हे ठरवायला तो सतरा गोष्टी ओळीने तपासायचा आणि तोवर माझा चहा थंड व्हायचा.

"जितं जास्त जोड्या नापास होतात, ते आधी बघ की," सर म्हणाले. "लिंग-वचनच जुळंना, तर बाकीची घडी कशाला उलगडतीस?"

चहा गरम राहू लागला. पण खरा घोळ पुढेच होता. सोमवारी बाहेरचे परीक्षक येणार, आणि शुक्रवारी 'मामाच्या मुलाच्या मित्राची सायकल' एवढं दिलं की प्रोग्रॅम थांबेचना. सायकल कोणाची हे शोधताना तो पुन्हा तोच शोध सुरू करायचा, त्याच्या पोटात पुन्हा तोच. विचारलेला प्रश्न परत विचारू नये म्हणून मी नोंदी ठेवल्या होत्या, तरी व्यर्थ. पुण्यात ठरलेली माझी नोकरी या निकालावर अडकलेली. मी अगदी रडकुंडीला आले.

सरांनी पडद्यावरच्या नोंदी वाचल्या आणि ते खो खो हसले. "अगं, हे तर लई माज्यासारखं हाय! प्रश्न तोच, दर वेळी शेपूट तेवढं नवं. म्हणून तुज्या नोंदीला तो नवा वाटतोय. शेपूट काप, मग ताळा कर. आधी विचारलं असंल तर परत विचारायचं न्हाय."

प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी नव्याने चिकटणारे बारीक तपशील आम्ही नोंदींतून गाळले. प्रोग्रॅम क्षणात थांबला, सायकल मित्राची निघाली. सर त्यानंतर पाऊण तास बोलत होते.

यंदा ते निवृत्त झाले. निरोप समारंभाला मी पुण्याहून मुद्दाम गेले. सर बोलणार म्हणून बहुतेकांनी घरी 'जेवायला थांबू नका' असं सांगून ठेवलं होतं. सर उठले, माईक सारखा केला, आमच्याकडे नीट बघितलं.

"काय सांगायचं ते आधीच सांगितलंय. परत सांगत न्हाय."

आणि खाली बसले. सभागृह हसून हसून लोळलं. मला मात्र रडू आवरेना. आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं, सरांनी थांबू नये.