नेरडीगोंड्याचा साग आणि रंग वाळेपर्यंतचा धीर

चित्रकलेच्या वर्गातल्या सरांनी यंदा मला सरळच सुनावलं. "शोभाताई, सोमवारपर्यंत प्रदर्शनाला एक चित्र द्या. याही वर्षी रिकाम्या हाताने आलात, तर मी पुन्हा विचारणार नाही." चूक त्यांची नाही. तीन वर्षं मी जलरंगात जंगलं रंगवते आहे आणि द्यायची वेळ आली की फाडून टाकते. नागपुरात माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे, कागद फाडायला हात कचरत नाही! पण सर पुन्हा विचारणार नाहीत हे मनाला फारच लागलं. म्हटलं, फोटो बघून झाडं काढणं पुरे झालं, आता जंगलातच बसायचं. माझी मावसबहीण सुमनताई आदिलाबाद जिल्ह्यात, नेरडीगोंड्याजवळच्या एका खेड्यात राहते. तिला फोन केला आणि शुक्रवारी सकाळी निघाले.

रस्त्याबद्दल सांगायचं तर चव्वेचाळीस नंबरचा हायवे उत्तम आहे. पांढरकवडा मागे टाकून पैनगंगेचा पूल ओलांडला की पाट्या तेलुगू होतात, पण टपरीवरच्या गप्पा मराठीतच चालतात. आदिलाबादला बस बदलावी लागते. स्टँडजवळ इडली आणि शेंगदाण्याची पातळ चटणी खाऊन घ्या, तिला तिथे पल्ली चटणी म्हणतात. पुढची बस नेरडीगोंड्याला थांबते का, हे चढण्याआधीच विचारा. मी न विचारता चढले आणि कंडक्टरची बोलणी खाल्ली. तिथून खेड्यापर्यंत शेअर ऑटो मिळतो, फक्त तो भरेपर्यंत बसून राहायची तयारी हवी.

जानेवारी असल्यामुळे ताईच्या घरी कापसाची वेचणी चालू होती. ओसरीवर छातीएवढा ढीग. भाऊजींनी त्यातून चिमूटभर कापूस काढला, आतली सरकी दाताखाली धरली आणि कट्टकन फोडली.

"हे काय भाऊजी, भूक लागली का?" मी विचारलं.

"वाजली म्हंजे वाळली," ते म्हणाले. "सकाऊन येचलेला कापूस दवानं ओला असते. ओल्यावर काई समजत नाई. वाळल्यावरच त्याचा दर्जा पाहा लागते."

मग बोलणं जिल्ह्यांवर गेलं. जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले आणि भाऊजींची भैंशाला दिलेली बहीण निर्मल जिल्ह्यात गेली. "घर तेच, चूल तेच, अन् बाई म्हंते का मी आता दुसऱ्या जिल्ह्याची! आमाले पाहुण्यासारखं वागवून राह्यली," असं म्हणून ते स्वतःच हसत सुटले.

शनिवारी ताईने वेचणीला सुट्टी दिली आणि आम्ही दोघी कुंटाला धबधब्याकडे निघालो. धबधब्यापाशी सहलीवाल्यांची गर्दी असते, म्हणून अलीकडेच एका नाल्याकाठी सागवनात उतरलो. पाणी घरूनच न्या, प्यायलाही आणि रंगांनाही. पहिलं चित्र झरझर उतरलं. हिरव्यागार झाडांच्या रांगा, मागे निळसर धुकं. ओला रंग असा काही झळकत होता की मी मनातल्या मनात सरांना ते देऊनही टाकलं. मग नाल्याच्या वळणावरचा एकच साग काढायला बसले. तर वरच्या पानांवरून दवाचे थेंब टपाटप कागदावर! रंग फुटला, खोडावर पांढुरके डाग पडले, डावीकडचं झुडूप पार पसरलं. माझा संताप झाला. कागद दोन्ही हातांनी धरला, तेवढ्यात ताईने मनगट पकडलं.

"काऊन फाडून राह्यली वं?"

"बिघडलं ताई. दिसत नाही का?"

"मले काय समजते त्यातलं! पन ओलं हाये अजून. वाळू तं दे."

घरी आल्यावर तिने दोन्ही चित्रं अंगणातल्या बाजेवर उन्हात ठेवली आणि कोपऱ्यांवर खडे ठेवले. शेजारी कापूस पसरलेला होताच. मला मात्र जवळ जायची बंदी, कारण माझ्या हातांचा भरवसा नव्हता. अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर आणि ठेचा असं जेवून मी आडवी झाले.

चारच्या सुमाराला भाऊजी शेतातून आले आणि बाजेपाशी उभे राहिले. मीही गेले.

पहिल्या चित्रातली सगळी झळाळी उडाली होती. भाऊजींनी बराच वेळ पाहिलं. "हे कोणीकडचं जंगल व्हय?"

"तिथलंच, नाल्याजवळचं."

"असन," ते म्हणाले. भलतेच सभ्य आहेत ते.

पण मला कळायचं ते कळलं. जानेवारीतला साग कधीच पिवळा-तपकिरी पडायला लागला होता, त्याची पानं कडांनी करपली होती. मी त्याच्यासमोर बसून दुकानातल्या कॅलेंडरांवरचं हिरवं जंगल काढलं होतं. एकूण एक झाड सारखं! तीन वर्षं मी हेच करत आले होते.

मग ते दुसऱ्या चित्राकडे वळले. "हा तं वळनावरचा साग. पानं करपून राह्यले त्याचे. अन् हे दव." वाळलेल्या डागांवरून त्यांनी बोट फिरवलं. "बराबर हाये." मग डावीकडे पाहून म्हणाले, "पन हे म्हैस काऊन बसवली इथं?"

"झुडूप आहे ते!"

ताई हसून हसून बाजेच्या कडेवरच बसली. मीही हसले. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. चित्र अर्धंच जमलं होतं, पण कुठलं अर्धं ते मला आता दिसत होतं.

रविवारी परतले आणि सोमवारी वळणावरचा साग सरांच्या हातात ठेवला. खिडकीपाशी नेऊन त्यांनी तो पाहिला. "डावी बाजू कच्ची आहे," ते म्हणाले.

"माहीत आहे. तरी हेच द्यायचंय."

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि नावाची चिठ्ठी पुढे केली. चित्र भिंतीवर लागलं. ते विकलं गेलं नाही, त्यावर कोणी फार काही बोललंही नाही, आणि मी प्रदर्शनाचे चारही दिवस खुशीत तिथे जाऊन उभी राहिले. आता घरी कुठलंही चित्र झालं की तीन दिवस त्याच्याकडे फिरकत नाही.

ते हिरवंगार पहिलं चित्रही घरीच आहे. एकदा फाडायला काढलं होतं. मग ते उलटं केलं, मागे पेन्सिलीने लिहिलं, 'ओलं असताना फार आवडलं होतं', आणि पुन्हा खणात ठेवून दिलं.