रूपालीनं बंद केलेलं मशीन

शिरोली एमआयडीसीच्या फाट्यावर, बेअरिंगच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. फाउंड्र्यांना, म्हणजे लोखंड ओतणाऱ्या कारखान्यांना, हजेरीची, स्टोअरची आणि बिलाची सॉफ्टवेअर पुरवायची, असा धंदा. मी हिशेब बघायचो आणि चिडायचो. दोन्ही कामं माझ्याकडंच होती. साल २००९. आमची सॉफ्टवेअर भाड्याच्या मशीनांवर चालायची आणि ती मशीनं अमेरिकेत. याला क्लाउड म्हणतात, हे मालक गणपतराव चहावाल्यालासुद्धा समजावून सांगायचे. डॉलरमधलं बिल मात्र दर महिन्याला फुगत चाललं होतं.

ही मशीनं घेणारा इंजिनिअर पुण्याला निघून गेला होता. कुठलं मशीन कशासाठी चालू आहे, हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं, त्यामुळं एकही बंद करायची कुणाची छाती नव्हती. त्यात मंदी. फाउंड्र्यांना ऑर्डरी नाहीत, आम्हाला पैसे नाहीत. एक दिवस गणपतरावांनी बिल टेबलावर आपटलं.

"रूपाली, दिवाळीच्या आत हे निम्म्यावर आलं पायजे. न्हाय आलं तर कुलूप लावतो आन् गारगोटीला जाऊन म्हशी राखतो."

रूपाली आमची प्रोग्रामर, कसबा बावड्याची. तिचे वडील धम्मपाल याच वसाहतीत एका फाउंड्रीत साचे भरायचे. जादा काम करायचं आणि पगारात ते तास कमी निघायचे, विचारायला गेलं की साहेब खेकसायचे. हे ऐकतच ती वाढली. म्हणून नोकरी लागल्यावर तिनं फावल्या वेळात एक प्रोग्राम केला. कामगारानं मोबाईलवरून आपला हजेरी नंबर मेसेज करायचा. उत्तरात त्याचे आठवड्याचे जादा तास यायचे. फाउंड्रीवाल्यांनी फुकट म्हणून घेतला. त्याला एक स्वतंत्र मशीन होतं. ऑफिसात कुणाला त्याचं कौतुक नव्हतं, पण तिचा त्यात जीव होता.

खंडेनवमी आली. त्या दिवशी वसाहतीत एकही मशीन फिरत नाही; धुऊन पुसून, हार घालून पूजा करतात. आमच्याकडं की-बोर्डवर झेंडूची फुलं पडली आणि गणपतरावांनी फर्मान काढलं, "अमेरिकेतली पण बंद कर. मशीन ते मशीन. एक दिवस इसावा द्यायला नको व्हय?"

मी कपाळाला हात लावला. रूपाली मात्र हसली नाही. "बंद करते साहेब. पण परत सगळी चालू करणार न्हाय."

दुसऱ्या दिवशी दसरा, त्या वर्षी सोमवारीच आलेला, आणि सोमवार म्हणजे वसाहतीची साप्ताहिक सुट्टी. मंगळवारी कारखाने सुरू होतील. ज्यासाठी कुणी फोन करून ओरडेल ते मशीन चालू करायचं, दिवस मावळेपर्यंत ज्याची कुणी आठवण काढणार नाही ते कायमचं सोडून द्यायचं.

"आन् तुझं?" मी विचारलं.

"माझं पण. नियम सगळ्यांस्नी एकच."

सोडलेल्या मशीनमधलं काही परत मिळत नाही, म्हणून तिनं सगळ्याची प्रत काढली. प्रत नीट निघाली की नाही, हे चालवून बघितल्याशिवाय कळत नाही, असं तीच म्हणाली. दसऱ्याला घरची मंडळी नागपूरला दीक्षाभूमीवर गेली होती, ही मागं राहिली होती. सोनं वाटताना माझं कशातच लक्ष नव्हतं.

मंगळवारी सकाळपासून फोन खणखणले. स्टोअरवाला शिव्या घालत होता, बिलवाला त्याच्यावर कडी करत होता. ती एकेक मशीन चालू करत गेली. दुपारनंतर फोन थांबले. बरीच मशीनं मुकी राहिली, आणि त्यात तिचंही होतं. ती नुसती फोनकडं बघत बसली. मला राहवेना. दिवस मावळता मावळता खाली जाऊन मी चहाच्या गाड्यावरून फोन लावला आणि आवाज घोगरा केला. "तासाचं मशीन बंद हाय. चालू करा की."

"आण्णा, तुमचा आवाज मला कळत न्हाय व्हय?"

वर आलो तेव्हा तिनं मशीन सोडून दिलं होतं. डोळे लाल होते. बिल निम्म्याच्याही खाली येणार म्हणून गणपतरावांनी पेढे मागवले. मी खाल्ला नाही. मला त्या कामगारांचाच राग आला होता. एवढं केलं तिनं आणि एकाला फोन करवेना!

पुढच्या सोमवारी सुट्टी असूनही आम्ही दोघं प्रती तपासायला ऑफिसात होतो. जिन्यावर पायांचा आवाज झाला. दारात आकाराम नावाचा एक भट्टीवाला उभा होता आणि त्याच्यामागं जिनाभर माणसं.

"बाई, तास यायचं बंद झालंय. काल सुटताना सगळ्यांनी मेसेज केला, एकाला उत्तर न्हाय."

"मंगळवारी का न्हाय सांगितलं?" मी खेकसलोच.

"मंगळवारी काय बघायचं? आठवडा रविवारी भरतोय की. आदला रविवार पूजेत गेला, कुणी बघितलं न्हाय. आन् कामावर फोन गेटवर काढून घेत्यात. आमाला सुट्टी आज, म्हणून आज आलो."

रूपाली खुर्ची ओढून कॉम्प्युटरसमोर बसली. "फाउंड्रीतल्या कामगाराची पोरगी मी, आन् हे ध्यानात आलं न्हाय."

तिनं प्रत उघडली. हजेरीच्या चालू मशीनमध्ये भरपूर जागा होती, म्हणजे बिलही वाढणार नव्हतं. पहिल्यांदा प्रोग्राम उठलाच नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिनं एक ओळ बदलून परत चालवला. मग ती म्हणाली, "करा मेसेज."

आकारामनं केला. आम्ही त्याच्या फोनकडं बघत राहिलो. फोन वाजला. त्यानं वाचलं, मान हलवली. मग जिन्यावरून खालपर्यंत एकामागून एक फोन वाजत गेले. सगळ्यात खालच्या पायरीवर धम्मपाल उभे होते.

"आबा!" रूपाली ओरडली. "काल रात्री एका ताटात जेवलो आपण. घरी का न्हाय बोलला?"

"घरी बोललो असतो तर बापासाठी चालू केलंस म्हटलं असतं लोकांनी," ते म्हणाले. "म्हणून सगळ्यांस्नी घेऊन आलो."